छपरावरची पंगत

टॅलो बेटावरची नवी इमारत दिसतच नाही, असं एका नगरसेवकाने पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा ती तक्रार आहे हेच चित्रा टिपणीसच्या लक्षात आलं नाही. तिने मनापासून "थँक यू" म्हटलं. तिथून सगळं बिघडत गेलं.

टॅलो म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या विक्टोरियाच्या दक्षिण किनाऱ्यापासून फेरीबोटीने तासाभरावरचा एक विझलेला ज्वालामुखी. मधोमध काठ फुटलेल्या वाडग्यासारखा बसका डोंगर, त्याच्या अंगावरून समुद्रापर्यंत ओघळून थिजलेला काळा दगड, आणि त्यावरून बारा महिने सुसाट सुटलेला वारा. या बेटावर जे जे म्हणून ताठ उभं राहायला गेलं, त्याची वाऱ्याने रीतसर हजामत केली होती. झाडं आडवी वाढत. विजेचे खांब म्हाताऱ्यासारखे कलते. एका हौशी माणसाने समुद्राचा देखावा मिळावा म्हणून दुमजली हॉटेल बांधलं, तर त्याचं छप्पर पहिल्याच हिवाळ्यात उडून कुरणात जाऊन पडलं. मेंढ्यांना ते फार आवडलं. हॉटेलवाला मेलबर्नला परत गेला. बेटावरची शहाणी माणसं मात्र दगडाच्या आड, खळग्यात, वाऱ्याकडे पाठ करून बसत. मेंढ्याही तशाच बसत. कोण कुणाकडून शिकलं होतं, ते सांगणं कठीण.

बेटाला एक सार्वजनिक इमारत हवी होती. सभागृह, वाचनालय आणि फेरीची वाट बघायची जागा, सगळं एकात. ऐन हिवाळ्यात तिथे जायला आर्किटेक्टांच्या ऑफिसात कुणी तयार होईना, म्हणून काम चित्राकडे आलं. ती गेली, आणि पहिल्या दिवशी कागदावर काहीच न काढता नुसती खळग्यात बसून राहिली. दगड तिला परका नव्हता. पुण्यात ज्याच्या पायऱ्यांवर बसून ती वाढली, तो हाच; काळा, आणि फोडला की आतून निळसर. इतक्या लांब तो भेटल्यावर "तू इकडे कुठे?" असंच तिच्या तोंडात आलं होतं.

मग तिने इमारत काढली ती उभी नाहीच, बसलेली काढली. थिजलेल्या लाव्ह्याच्या दोन सोंडांमध्ये एक नैसर्गिक खळगा होता, त्यात सभागृह उतरवलं. खणताना निघालेल्याच दगडाच्या भिंती. वर जाड छप्पर, त्यावर ज्वालामुखीची तांबूस-काळी खडी आणि बेटावरचंच गवत. डोंगराचा उतार सरळ त्या छपरावर येई. छपराच्या मधे तिने परातीसारखा एक मोठा खोलगट भाग ठेवला होता. वारा त्याच्या डोक्यावरून निघून जाई. परातीच्या तळाशी एक गोल काच, तिच्यातून खाली सभागृहात उजेड पडे. उतारावरून चालत येणारा माणूस छपरावर कधी आला ते त्याचं त्याला कळायचं नाही. चित्राला सगळ्यात जास्त अभिमान होता तो याच गोष्टीचा. आणि नगरसेवकांची तक्रारही नेमकी हीच होती.

मंगळवारी तिचा बॉस कॅमेरन तिच्या टेबलापाशी आला आणि त्याने एक चित्र पुढे ठेवलं.

कॅमेरन वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. चित्राने मनात सगळ्यांची खाती उघडलेली असत, तसं त्याचंही होतं. मुलगी स्पृहा लहान असताना त्याने तिला घरून काम करू दिलं होतं, ते जमेला. तिच्या तीन इमारतींची बक्षिसं घेताना फोटोत तो एकटाच हसत होता, ते नावे. एकूण हिशेब तिने कधी काढला नव्हता. काढला की चुकता करावा लागतो.

चित्रात तिचंच छप्पर होतं. पण त्याच्या मधोमध पांढऱ्या पोलादाची टोकदार पाती आकाशात घुसलेली होती, उद्रेक झाल्यासारखी. खालून दिव्यांचा झोत.

"द क्राउन," कॅमेरन म्हणाला. "किनाऱ्यावरून दिसेल. पर्यटनवाले खूश आहेत, मेयर खूश आहे. इमारत तुझीच. आपण तिला फक्त मुकुट घालतोय."

"ही काळी रेघ कसली?"

"कुंपण. पात्यांना ताणाच्या तारा लागतील, त्यामुळे छपरावर कुणाला जाऊ देता येणार नाही. तसंही वर जाण्यासारखं काय आहे?"

"माणसं जातात."

"चित्रा." तिचं नाव बरोबर उच्चारायला त्याला चार वर्षं लागली होती, तेव्हापासून तो ते फार वापरायचा. "शनिवारी बेटावर कम्युनिटी डे आहे. कौन्सिल तिथेच, जागेवर मतदान घेणार. प्रेझेंटेशन मी करतो. तू ‘हो’ म्हण. तेही जमत नसेल तर गप्प बस."

"आणि गप्प नाही बसले तर?"

"तर सोमवारी बोलू."

‘सोमवारी बोलू’चा अर्थ ऑफिसात चहाच्या मशीनलाही माहीत होता. सोमवारी ज्याच्याशी बोलणं होई, त्याची खुर्ची मंगळवारी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असे.

मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात घरी आली तर घरात वेगळाच आनंदोत्सव. तिचा नवरा शिरीष हा भूलतज्ज्ञ. माणसं झोपवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे जागं राहायचं काम घरात चित्राकडे होतं. त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं होतं: ‘शनिवारी चित्राच्या बिल्डिंगचं उद्घाटन! सर्वांनी यायचं!!’ पुढे फुगे, फटाके आणि कारण नसताना एक मोर.

"उद्घाटन नाहीये रे ते!" चित्रा ओरडली. "छप्पर माझं राहतंय की जातंय, त्याचं मतदान आहे."

"मग तर माणसं हवीतच," शिरीष शांतपणे म्हणाला. "बस फुल झाली. यतीनने मसालेभाताचं नक्की केलंय."

"डॅड," युनिव्हर्सिटीत शिकणारी स्पृहा फोनमधून मान न काढता म्हणाली, "दॅट्स नॉट हाऊ व्होटिंग वर्क्स."

यतीन मंडळाचा अध्यक्ष. वयाने चित्राच्या बरोबरीचा, पण तिला तो आग्रहाने ‘वहिनी’ म्हणायचा. वहिनीकडे हक्काने पोहे मागता येतात. माईक दिसला की त्याचा हात आपोआप पुढे जाई आणि गणवेश दिसला की मान आपोआप खाली. पार्किंगची पावती फाडणाऱ्यालाही तो ‘येस सर’ म्हणे. मंडळात भांडणं पुष्कळ होती. नाटक कुठलं बसवायचं, गणपती किती दिवसांचा, जुना पडदा कुणाच्या गराजमध्ये ठेवायचा. पण एका गोष्टीवर कधी फूट पडली नव्हती, ती म्हणजे पंगत. बागेत, समुद्रकिनारी, कुठेही गेलं तरी चटया अंथरायच्या, समोरासमोर बसायचं, वाढप्यांनी वाढायचं, आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, कुणी उठवायचं नाही. विनय नावाच्या एका खजिनदाराने एकदा बुफे सुचवला होता. पुढच्या निवडणुकीत त्याला एकच मत पडलं. ते त्याच्या बायकोचं नव्हतं, असं ती स्वतः सांगते.

शनिवारी चित्रा कॅमेरनबरोबर आधीच्या फेरीने गेली. सभागृहात मेयर धरून नऊ नगरसेवक अर्धवर्तुळात बसले होते, मागे बेटावरची पंधरावीस माणसं. त्यांत डॉट होती. डॉट मेंढ्या पाळायची, सत्तरी ओलांडलेली, आणि इमारतीला पहिल्या दिवसापासून तिचा कडकडीत विरोध. आता कुत्र्याला घेऊन रोज संध्याकाळी छपरावर फिरायला जायची, आणि विरोध अजून कायम आहे असं सगळ्यांना सांगायची. चित्राने तिचं खातं बंदच करून टाकलं होतं. ते कुठल्या बाजूला धरावं हे ठरेना.

मेयर लॉरेनने तिकडच्या रिवाजाप्रमाणे सुरुवातीला या भूमीच्या मूळ रहिवाशांना वंदन केलं आणि त्याच दमात त्या भूमीवर काय ठोकायचं ते सांगायला घेतलं. मग कॅमेरन उठला. तो बोलायचा छान. मुकुट, ओळख, क्षितिज असले शब्द त्याच्या तोंडून नुकतेच धुऊन आणल्यासारखे येत. नगरसेवक माना डोलावत होते. चित्रा गप्प बसून होती. गप्प बसणं अंगावर नवा ब्लाउज काचावा तसं तिला काचत होतं.

तेवढ्यात वर धपधप झालं.

सगळ्यांनी वर पाहिलं. गोल काचेभोवतीच्या हवेच्या झडपा उघड्या होत्या, आणि त्यांतून स्वच्छ, खणखणीत मराठी खाली उतरू लागलं.

"मॅप म्हणतोय, पोचलो."

"कुठे पोचलो? गवत आहे नुसतं!"

"अगंबाई, पडली की काय बिल्डिंग?"

"बांधायचीच असेल अजून. इथली कामं तुम्हाला माहितीयेत."

"शिरीष, तुझी बायको नक्की कुठल्या बेटावर काम करते रे? खरं सांग."

"मला काय विचारता? मी प्लॅन पाहिलेत, ते वरून दिसतात तसे असतात. आणि वरून तर..."

मग यतीनचा माईकशिवायही माईकसारखा आवाज: "ऐका! इथे खड्ड्यात वारा लागत नाहीये. चटया इथेच टाका. आधी जेवून घेऊ, बिल्डिंग मग शोधू. ती काय पळून जातेय?"

काचेवर सावली पडली. यतीन गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळहातांची झापडं डोळ्यांना लावून त्याने काचेला नाक टेकवलं आणि आत डोकावला. त्याला बहुधा स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं, कारण त्याने केस सारखे केले. खालून नऊ नगरसेवक, मेयरच्या गळ्यातली मानाची साखळी आणि बेटावरची प्रजा त्याच्याकडे पाहत होती.

दारातून स्पृहा आत आली. "मॉम," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "दे आर ऑन युअर रूफ. ऑल ऑफ देम. दे कान्ट फाइंड द बिल्डिंग, सो दे आर सर्व्हिंग लंच."

हशा झाला. कॅमेरनने तो पुरता ओसरू दिला. मग अगदी प्रेमाने म्हणाला, "मी सांगून याहून चांगला पुरावा आणू शकलो नसतो. चित्राची स्वतःची माणसं. तिच्यावर प्रेम करणारी. हातात नकाशा. इमारतीवर उभी आहेत आणि विचारतायत, इमारत कुठे आहे!"

पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. चित्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिरीषच्या नावावर आजवर जे काही जमा होतं, अगदी बाळंतपणातली जागरणं धरून, ते तिने एका फटक्यात पुसून टाकलं.

"मतदानाआधी जागा प्रत्यक्ष बघावी लागेल," लॉरेन म्हणाली. "वर जाऊ या. तोवर ती मंडळी खाली उतरतील असं बघा." तिने पिवळ्या जाकिटातल्या सुरक्षा अधिकाऱ्याला खूण केली.

वर पोचेपर्यंत लॉरेनचे केस तिच्या तोंडात गेले होते आणि एका नगरसेवकाचे कागद मेंढ्यांच्या दिशेने निघाले होते. परातीच्या काठावर सगळे थबकले. खाली, खोलगट भागात, दोन लांब रांगा समोरासमोर. मांडी घातलेली, पाय दुमडलेली, गुडघेदुखीमुळे एक पाय लांब केलेली माणसं. कागदी ताटं, त्यांत मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या. वाढप्यांची लगबग. यतीन कमरेला पंचा गुंडाळून मठ्ठ्याची बादली घेऊन फिरत होता.

"फोक्स," पिवळं जाकीट म्हणालं, "आय नीड एव्हरीवन ऑफ द रूफ, प्लीज."

"रूफ?" पंगतीत कुजबुज झाली. "कुठलं रूफ?" सगळ्यांनी आधी वर पाहिलं. एका बाईंनी चटईचं टोक उचलून खाली पाहिलं.

"तुम्ही बसलायत ते," चित्रा म्हणाली.

कोशिंबीर वाढणाऱ्याचा चमचा हवेत राहिला.

"ही?" यतीन म्हणाला. "ही बिल्डिंग? अहो वहिनी, सांगायचं नाही का! लोकांना कळणार कसं? एक कमान तरी उभी करायची. दोन खांब, वर सुस्वागतम्, रात्री लायटिंग!"

"तीच उभी करायला आलेत ते." चित्राने कॅमेरनच्या हातातल्या फलकाकडे बोट केलं.

यतीनने बादली खाली ठेवून चित्र नीट न्याहाळलं. "झकास आहे की! आमच्या कोल्हापुरात असती तर खाली नेत्यांचे फोटो लावले असते."

घरचाच अहेर, तोही दुसऱ्यांदा. पण गप्प बसायचा तिचा कोटा आता संपला होता.

"हो ना. फक्त ती उभी करायची तर तुम्हाला उठावं लागेल."

"उठू की. जेवण झालं की उठतोच."

"जेवण झाल्यावर नाही. हा माणूस आत्ता उठा म्हणतोय. आणि मग पुन्हा कधीच बसायचं नाही. कुंपण पडणार आहे."

"आत्ता?" यतीनने पंगतीकडे पाहिलं. "पण मसालेभात दुसऱ्यांदा फिरायचाय. जिलबी तर उघडलीपण नाही."

"आत्ता."

यतीनच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. आयुष्यभर त्याने गणवेशापुढे मान तुकवली होती, आणि समोर तर भडक पिवळा गणवेश होता. मान सवयीने निम्मी खाली गेलीही. मग ती थांबली, आणि वर आली.

"सॉरी मेट," तो म्हणाला. "कान्ट डू. पंगत बसलीय."

"द व्हॉट?"

"पंगत. पीपल आर ईटिंग. आमच्यात माणसाला ताटावरून उठवत नाहीत. पोलीस उठवत नाही, मिनिस्टर उठवत नाही. यू वेट." मग आवाज खाली आणून, यजमानाच्या अदबीने, "तुम्हीपण बसा ना. ओन्ली व्हेज, सॉरी."

पिवळ्या जाकिटाने लॉरेनकडे पाहिलं. लॉरेनने कॅमेरनकडे. कॅमेरन काठावरून उतरून चित्राजवळ आला आणि तोंड न हलवता म्हणाला, "त्यांना तुमच्या भाषेत सांग. नीट सांग. तुझं ऐकतील."

त्या क्षणी सोमवार चित्राला लख्ख दिसला. तिची खुर्ची, भिंतीकडे तोंड केलेली. सोळा वर्षांचं सामान एका खोक्यात मावेल की दोन लागतील, इथवर तिचा विचार गेला. मग तिने पंगतीकडे पाहिलं. बेटावर एवढा वारा सुटला होता, काठावर उभ्या नगरसेवकांचे कोट फडफडत होते, आणि इथे खाली एकही कागदी ताट हललं नव्हतं. कुणाची पुरी उडाली नव्हती. जन्मात तिने काढलेल्या कुठल्याही नकाशाला असा हुकमी साक्षीदार मिळाला नव्हता.

ती पंगतीकडे वळली आणि तिने मराठीत, शेवटच्या चटईपर्यंत पोचेल असं सांगितलं:

"कुणीही उठायचं नाही. सावकाश जेवा. यतीन, भात फिरव."

यतीनने भात फिरवला.

"काय सांगितलंस?" कॅमेरनने विचारलं.

"जे सांगायचं ते."

"ते हलत नाहीयेत."

"हो ना. तू म्हणालासच, माझं ऐकतात."

मागून डॉट आली. कुत्र्याला तिने काठावर बसवलं, गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली उतरली आणि पंगतीच्या टोकाला जाऊन म्हणाली, "सरका." सरकले. तिच्यापुढे ताट आलं. "माझा या इमारतीला विरोध आहे," तिने शेजारणीला बजावलं आणि पुरी मोडली. तिच्यामागे बेटावरची आणखी माणसं उतरली, कुणी बूट काढून, कुणी तसेच. वाढप्यांनी तिसरी रांग धरली.

"हे हास्यास्पद आहे," लॉरेन म्हणाली. "आपल्यापुढे विषय क्राउनचा आहे. माणसांना उठवण्याचा नाही."

"एकच विषय आहे तो," चित्रा म्हणाली. "दाखवते."

तिने कॅमेरनच्या हातातून फलक घेतला, आणि त्यावरची काळी रेघ बघत बघत पंगतीतून चालायला लागली. "कुंपण इथून सुरू होतं. या काकांच्या गुडघ्यावरून. असं वळतं. डॉट, तू बाहेर. कुत्रापण बाहेर. पहिली तार इथे, या बादलीत. पाया..." ती थांबली, एका बाईंच्या ताटापाशी वाकली. "सॉरी हं काकू. पाया तुमच्या कोशिंबिरीत."

"मेला कोण तो?" काकू म्हणाल्या आणि ताट पोटाशी ओढलं.

चित्राने मान वर केली. "तुम्ही म्हणता इमारत दिसत नाही. नाहीच दिसत. या बेटावर दिसायला गेलं त्याचं काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, त्यातलं एक छप्पर मेंढ्यांकडे आहे. ही माणसं आज पहिल्यांदा आली. त्यांना कुणी पाटी दाखवली नाही, बाण दाखवला नाही. दहा मिनिटांत त्यांनी अख्ख्या बेटावरची बसायची जागा हुडकली आणि पानं मांडली. इमारत सापडली नाही म्हणून तुम्ही हसलात. सापडली नसती तर ही माणसं आत्ता तुमच्यासारखी वाऱ्यात उभी असती." तिचा आवाज चढला होता, तो खाली आणायचा तिने प्रयत्नही केला नाही. "मतदान जागेवर घ्यायचंय ना? ही जागा. मी तिचं काम केलंय आणि मी सांगते, हा मुकुट इथे बसणार नाही. ज्यांना बसवायचाय, त्यांनी इथे, जेवणाऱ्यांच्या तोंडावर, हात वर करावा. खाली बंद दारात नाही."

"तू आर्किटेक्ट आहेस," कॅमेरन म्हणाला, "कौन्सिल नाहीस."

"म्हणून तर मी हात वर करत नाहीये."

डॉट तोंडात घास असतानाच हसली. लॉरेन काही बोलणार होती, पण काठावर उभं राहून बोलणं अवघड होतं. केस पुन्हा तोंडात गेले. ती दोन पावलं खाली आली. तिथे वारा निम्मा होता. आणखी दोन पावलं आली. मग मांडी घालता येईना म्हणून एका दगडावर टेकली, आणि शिरीषने, ज्याला चित्राच्या हिशेबात आता काहीतरी कमावणं भाग होतं, तत्परतेने तिच्या हातात जिलबी दिली. बाकीचे नगरसेवकही एकेक करून उतरले. उभं कुणी राहिलं नाही. उभं राहणारा एकटाच मूर्ख दिसत होता.

"ठीक आहे," लॉरेन म्हणाली. "क्राउनच्या बाजूने?" आणि तिने स्वतःचा हात वर केला. जिलबी डाव्या हातात धरून, न लाजता. चित्राला ते आवडलं. लपूनछपून विरोध करणाऱ्यांपेक्षा ही बाई परवडली.

आणखी तीन हात वर गेले. परात बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकीच खोल होती. वर गेलेल्या हातांच्या बाह्या वाऱ्यात फडफडू लागल्या. आणखी एका माणसाने हात अर्धा उचलला, पंगतीकडे पाहिलं, समोर बसलेल्या काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने त्याच हाताने कान खाजवला.

"विरोधात?"

पाच. कान खाजवणारा धरून.

टाळ्या वाजल्या नाहीत, कारण सगळ्यांचे हात भरलेले होते. यतीनने तेवढी संधी साधली आणि मठ्ठ्याची बादली हातात घेऊन "बोला, गणपतीबाप्पा" म्हणाला. "मोरया!" झालं. पिवळं जाकीट दचकलं.

माणसं पुन्हा जेवायला लागली, तेव्हा कॅमेरन फलक काखेत धरून चित्राजवळ आला. राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता, आवाजात होता.

"न दिसणाऱ्या इमारतीवर मी माझ्या फर्मचं नाव ठेवणार नाही."

"काढ. माझं राहू दे."

"फर्मशिवाय तुझं नाव उभं राहील असं वाटतं तुला?"

"छप्पर नावावर उभं नसतं रे कॅमेरन. भिंतींवर असतं. खाली जाऊन बघ, पक्क्या आहेत."

त्याने फलक दुसऱ्या काखेत घेतला. "सोमवारी बोलू," म्हणाला.

"बोलू. सोमवारी मीच बोलेन आधी. तुला तीन फोटोंबद्दल विचारायचंय."

कुठले फोटो, ते त्याला कळलं. बक्षिसाच्या तीन संध्याकाळी त्याच्या चेहऱ्यावरून भरभर सरकल्या, आणि तो फलक सांभाळत काठ चढून वाऱ्यात गेला. फलक शिडासारखा फुगला. त्याला तिरकं तिरकं चालत फेरी गाठावी लागली.

चित्रा डॉटशेजारी जाऊन मांडी घालून बसली. डॉटने तिच्याकडे न बघता स्वतःच्या ताटातला अर्धा पापड मोडून तिच्यापुढे टाकला. शिरीष ताट घेऊन आला आणि समोर उकिडवा बसला.

"नोकरी गेली का गं?" त्याने हळूच विचारलं.

"बहुतेक."

त्याने विचार केला. भूल द्यायच्या आधी पेशंटकडे बघतो तसं तिच्याकडे नीट पाहिलं. मग भाताचा डाव उचलला.

"मग पोटभर जेव."

"वाढ," चित्रा म्हणाली. "आणि हात आखडता घेऊ नकोस."